शब्द, अर्थ आणि जनुकीय संकेत

आजचा विषय जीवशास्त्राच्या इतिहासातला आहे आणि आम्ही आयुष्यभर शिकवलं ते तत्त्वज्ञान. तेव्हा रसायनाचे बारकावे आमच्याकडून फार अपेक्षू नका. पण १९५३ ते १९६६ या तेरा वर्षांत जीवशास्त्रात एक प्रश्न असा उभा राहिला, की आपल्या दर्शनांच्या अभ्यासकाला तो पाहताक्षणी ओळखीचा वाटावा. शब्दाचा अर्थाशी संबंध असतो, तो कशामुळे?

आपल्याकडे यावर दोन पक्ष आहेत, हे तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. मीमांसक म्हणतात, हा संबंध कोणी जोडलेला नाही, तो नित्य आहे, शब्द आहे तिथे तो आहेच. नैयायिक म्हणतात, छे, हा संबंध संकेताचा आहे. 'या शब्दाने हा अर्थ समजावा' असं ठरलं म्हणून समजतो. न्यायसूत्रांत यावर एक फार मिश्कील युक्तिवाद आहे. शब्द आणि वस्तू जर स्वभावतःच जोडलेल्या असत्या, तर 'अन्न' म्हटल्यावर तोंड भरायला हवं होतं, 'अग्नी' म्हटल्यावर जीभ भाजायला हवी होती. तसं होत नाही. आणि दुसरा युक्तिवाद असा की, वेगवेगळ्या लोकांमध्ये एकाच शब्दाचे वेगवेगळे अर्थ चालतात. संबंध स्वाभाविक असता तर हे झालं नसतं. हे दोन्ही युक्तिवाद लक्षात ठेवा, दोन्ही आज लागणार आहेत.

आता डीएनएकडे येऊ. १९४४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ऑस्वाल्ड एव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी यांनी दाखवलं की न्यूमोनियाच्या जिवाणूचा आनुवंशिक गुण दुसऱ्या जिवाणूत नेणारा पदार्थ डीएनए आहे. तोपर्यंत बहुतेकांचा भरवसा प्रथिनांवर होता. प्रथिनात वीस प्रकारची अमिनो आम्लं, म्हणजे वीस अक्षरं. डीएनएत नुसते चार बेस, ए, टी, जी आणि सी. चार अक्षरांच्या भाषेत एवढा मोठा ग्रंथ कसा लिहिणार, अशी शंका. आम्हाला ही शंका नेहमीच थोडी बालिश वाटत आली आहे. तारयंत्र दोनच चिन्हांवर चालत होतं की! असो. १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी, रोझालिंड फ्रँकलिन आणि विल्किन्स यांच्या क्ष-किरण चित्रांच्या आधारे, डीएनएची दुहेरी सर्पिल रचना मांडली. ए समोर टी, जी समोर सी. एका धाग्यावरून दुसरा धागा आपोआप ठरतो. १९५८ मध्ये मेसेलसन आणि स्टाल यांनी प्रयोगाने सिद्ध केलं की प्रत होताना दोन्ही धागे सुटे होतात आणि प्रत्येक जुन्या धाग्याला एक नवा जोडीदार मिळतो.

इथे जरा थांबू. ए आणि टी यांचा संबंध कसला आहे? हा संकेत नाही. दोघांचे आकार आणि हायड्रोजनचे बंध एकमेकांत बसतात, कुलूप आणि किल्लीसारखे. कोणी ठरवलेलं नाही. डीएनएची प्रत काढण्याच्या कामात मीमांसक बरोबर आहेत, संबंध स्वाभाविक आहे. डीएनएवरून आरएनए होतो तेव्हाही तेच, फक्त टीच्या जागी यू येतो. साठवण आणि नक्कल या दोन कामांत अर्थ नावाची गोष्टच लागत नाही. संस्कृत न कळणारा लेखनिक पोथीची बिनचूक प्रत काढतो ना, तसं. आणि बिनचूक म्हणजे किती? चुका तपासणारी, दुरुस्त करणारी एंझाइमं धरून साधारण शंभर कोटी अक्षरांत एखादी चूक. आपल्या एका जनुकसंचात तीनशे कोटींच्या वर अक्षरं आहेत, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. एवढा लेखनिक आम्हाला विद्यापीठात कधी मिळाला नाही.

पण पोथी नुसती उतरवून पेशीचं भागत नाही. ती वाचावी लागते. चार अक्षरांच्या माळेवरून वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ ओवायची असते, म्हणजे प्रथिन. इथे एक लिपी संपते आणि दुसरी सुरू होते. आणि इथेच आपला जुना वाद परत आला.

पहिला पक्ष मांडला जॉर्ज गॅमॉव्ह यांनी. हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ, विश्वाच्या महास्फोटाच्या सिद्धान्ताशी त्यांचं नाव जोडलेलं. मोठा विनोदी माणूस. १९५३ मध्ये वॉटसन-क्रिक यांचा लेख वाचला आणि उठून त्यांना पत्र लिहिलं. १९५४ मध्ये त्यांनी कल्पना मांडली की, सर्पिलाच्या दोन धाग्यांमध्ये चार बेसांनी वेढलेल्या चौकटीच्या आकाराच्या पोकळ्या असतात. बेस कोणते यावर पोकळीचा आकार ठरतो. असे प्रकार मोजले तर किती येतात? बरोबर वीस! आणि अमिनो आम्लंही वीस. प्रत्येक आम्ल आपापल्या पोकळीत जाऊन बसणार.

ही शुद्ध मीमांसा आहे. बेसांचा गट आणि अमिनो आम्ल यांचा संबंध आकाराचा, स्वभावाचा. मधे कोणी नको. आणि वीसचा आकडा असा आपसूक हाती आल्यावर मोह कुणाला होणार नाही? गॅमॉव्ह यांनी एक मंडळही काढलं, आरएनए टाय क्लब. वीस सभासद, प्रत्येकाच्या नावे एक अमिनो आम्ल, आणि सगळ्यांना सारखा टाय. पण या कल्पनेत शेजारच्या पोकळ्या काही बेस वाटून घेतात, त्यामुळे कोणत्या आम्लाशेजारी कोणतं येऊ शकेल यावर बंधन पडतं. सिडनी ब्रेनर यांनी १९५७ मध्ये तोवर माहीत असलेल्या प्रथिनांचे क्रम तपासून दाखवलं की असं बंधन कुठे दिसत नाही. अक्षरं वाटून घेणारा तीन अक्षरांचा कोणताच संकेत शक्य नाही.

त्याआधीच, १९५५ मध्ये, क्रिक यांनी त्याच टाय क्लबच्या सभासदांसाठी एक टिपण फिरवलं होतं. ते रीतसर कुठल्या नियतकालिकात छापलं गेलं नाही, पण आमच्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वात तत्त्वचिंतनात्मक लेखन ते आहे. क्रिक यांनी साधा प्रश्न विचारला. काही अमिनो आम्लं तेलकट, पाण्याला नकोशी, काही एकमेकांशी जवळपास जुळी. न्यूक्लिक आम्लाच्या अंगावर यांना ओळखून घेईल असं आहे काय? काहीच दिसत नाही. मग मधे एक मध्यस्थ हवा. त्याचं एक टोक आरएनएवरचे बेस ओळखेल, दुसऱ्या टोकाला अमिनो आम्ल लटकलेलं असेल. वीस आम्लांसाठी निदान वीस मध्यस्थ. ब्रेनर यांनी त्याला 'अ‍ॅडॅप्टर' हे नाव सुचवलं.

हा नैयायिक पक्ष. बेसांच्या गटाचा आणि आम्लाचा थेट संबंध नाहीच. अग्नी म्हटल्याने जीभ भाजत नाही. मध्यस्थाच्या एका टोकाला काय आणि दुसऱ्या टोकाला काय, हे कसंही ठरलेलं असू शकतं. काही वर्षांतच झॅमेक्निक आणि होगलंड यांना बोस्टनमध्ये हा मध्यस्थ सापडला. ते त्याला शोधत नव्हते हे विशेष. त्यालाच आज आपण ट्रान्सफर आरएनए म्हणतो.

याच क्रिक यांनी १९५७ मध्ये ग्रिफिथ आणि ऑर्गेल यांच्याबरोबर आणखी एक कल्पना काढली, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तीन-तीन अक्षरांचे शब्द सलग लिहिलेत, मधे स्वल्पविराम नाही. मग शब्द कुठे सुरू होतो हे कसं कळणार? समजा 'कमल' हा सार्थ शब्द आहे. 'कमलकमल' असं लिहिलं तर मधूनच 'मलक' किंवा 'लकम' वाचलं जाईल. तसं होऊ नये म्हणून हे दोन्ही निरर्थक ठरवून टाका. 'ककक' तर बादच, कारण ते कुठूनही वाचलं तरी तेच. चार अक्षरांचे तीन-तीनचे गट चौसष्ट. त्यातून सारख्या अक्षरांचे चार वजा केले, उरले साठ. दर तिनातला एकच सार्थ. उत्तर वीस. पुन्हा वीस! आम्ही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो होतो. इतकं देखणं अनुमान विज्ञानात क्वचित सापडतं. आणि ते साफ चुकीचं होतं.

ते चुकीचं ठरवणारी माणसं टाय क्लबची नव्हती. वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मार्शल निरेनबर्ग आणि जर्मनीहून आलेले हाइनरिख मथाई हे दोन तरुण काम करत होते. जिवाणू फोडून त्यांचा रस काढायचा, त्यात बाहेरून आरएनए घालायचा आणि प्रथिन बनतं का ते पाहायचं. त्यांनी एक कृत्रिम आरएनए घेतला, ज्यात फक्त यू होता. यू यू यू यू, शेवटपर्यंत. अमिनो आम्लांपैकी एका वेळी एकच किरणोत्सारी करून तपासत गेले. २७ मे १९६१ च्या पहाटे मथाई यांना उत्तर मिळालं, फेनिलअ‍ॅलनिन. म्हणजे यू यू यू या त्रिकुटाचा अर्थ फेनिलअ‍ॅलनिन. आता मघाचा नियम आठवा. 'ककक' निरर्थक असायलाच हवं होतं. शब्दकोशात सापडलेला पहिलाच शब्द 'ककक' निघाला.

त्याच ऑगस्टमध्ये मॉस्कोच्या जीवरसायनशास्त्र परिषदेत निरेनबर्ग यांनी हे सांगितलं, तेव्हा खोलीत मोजकेच लोक होते. क्रिक यांच्या कानावर गेलं तसं त्यांनी मोठ्या सभेत तेच व्याख्यान पुन्हा द्यायला लावलं. स्वतःचं सुंदर अनुमान मोडणाऱ्या माणसाला स्वतःच व्यासपीठ मिळवून द्यायचं, हे आम्हाला क्रिक यांच्या बुद्धीइतकंच मोठं वाटतं.

पुढची पाच वर्षं शब्दकोश भरण्याची. इथे हर गोविंद खोराना येतात. पंजाबातल्या रायपूर या खेड्यातले (ते आता पाकिस्तानात आहे), वडील पटवारी, शिक्षण मुलतान आणि लाहोरला, मग लिव्हरपूल, झुरिक, केंब्रिज, व्हँकुव्हर, विस्कॉन्सिन. आपल्याकडे त्यांचं नाव भारतीय नोबेलविजेते म्हणून अभिमानाने घेतलं जातं. त्यांनी नेमकं काय केलं हे विचारलं की मात्र सभा गप्प होते. त्यांनी न्यूक्लिक आम्लाचे धागे रसायनाने हवे त्या क्रमाने जोडायचं तंत्र बसवलं. यू सी यू सी यू सी असा धागा केला की त्यात दोनच त्रिकुटं आलटून पालटून येतात, यू सी यू आणि सी यू सी. प्रथिनात सेरिन आणि ल्यूसिन आलटून पालटून आले. अक्षरं मोजून, माहीत असलेलं वाक्य लिहून, अर्थ वाचायचा. १९६६ पर्यंत चौसष्ट त्रिकुटांचा कोश जवळजवळ पूर्ण झाला. एकसष्ट त्रिकुटं अमिनो आम्लांची, तीन पूर्णविरामाची. एका आम्लाला कधी एक त्रिकूट, कधी सहा. वीस आणि वीस अशी जुळणी कुठेच नाही. १९६८ चं नोबेल खोराना, निरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली या तिघांना मिळालं.

पण आमच्या प्रश्नाचा निकाल या कोशाने लागला नव्हता. कोश नुसता कळला म्हणून संबंध स्वाभाविक की सांकेतिक हे कळत नाही. तो निकाल १९६२ मधल्या एका प्रयोगाने लावला, ज्याचं नाव शालेय पुस्तकांत सहसा येत नाही. शापव्हिल, लिपमान, बेंझर आणि त्यांचे सहकारी. त्यांनी सिस्टीन या आम्लाचा ट्रान्सफर आरएनए घेतला, त्याला रीतसर सिस्टीन चिकटलेलं. मग निकेलच्या साहाय्याने त्या सिस्टीनमधलं गंधक काढून टाकलं. गंधक गेलं की सिस्टीनचं अ‍ॅलनिन होतं. म्हणजे हमालाचा बिल्ला सिस्टीनचा आणि डोक्यावर ओझं अ‍ॅलनिनचं. आता रायबोसोम, जिथे प्रथिन ओवलं जातं तो कारखाना, काय पाहणार? ओझं की बिल्ला?

त्याने बिल्ला पाहिला. जिथे सिस्टीन यायला हवं होतं तिथे निमूटपणे अ‍ॅलनिन ओवलं गेलं. वाचणाऱ्याला अर्थाशी काही देणंघेणं नव्हतं. नैयायिक जिंकले, आणि तेही प्रयोगशाळेत.

मग संकेत राहतो कुठे? ट्रान्सफर आरएनएवर योग्य आम्ल चढवणारी एंझाइमं असतात, बहुतेक जीवांत दर आम्लाला एक. दोन्ही भाषा येणारे पेशीतले दुभाषे तेवढेच. बाकी सगळे एकेक भाषा जाणणारे. पण थांबा, हे दुभाषे स्वतः प्रथिनं आहेत. म्हणजे तेही डीएनएवरून, याच संकेताने, याच दुभाष्यांकरवी बनतात. संकेत कळायला दुभाषा हवा आणि दुभाषा व्हायला संकेत हवा. तर्कशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात आणि तो दोष मानतात. पेशीत मात्र हा दोष साडेतीनशे कोटी वर्षांहून अधिक काळ सुरळीत चालू आहे! सुरुवात कशी झाली असेल याचा एक धागा पुढे मिळाला. १९८० च्या दशकात थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांनी दाखवलं की आरएनए स्वतः एंझाइमाचं काम करू शकतो. आणि २००० मध्ये रायबोसोमची रचना उलगडली तेव्हा दिसलं की अमिनो आम्लं एकमेकांना जोडण्याचं मुख्य काम तिथे प्रथिन करतच नाही, आरएनए करतो. म्हणजे प्रथिनांआधी आरएनएचा एक काळ असू शकेल, ज्यात हे वर्तुळ अजून मिटलेलं नव्हतं.

हा संकेत कसाही ठरला असता का? क्रिक यांनी १९६८ मध्ये सुचवलं की हो, तो एक गोठलेला अपघात असावा. एकदा ठरल्यावर बदलणं परवडत नाही, कारण एका त्रिकुटाचा अर्थ बदलला तर पेशीतली हजारो प्रथिनं एकदम बिघडतील. चलनी नोटेसारखं. पण इथे आम्ही क्रिक यांच्याशी पूर्ण सहमत नाही, आणि १९९८ मध्ये फ्रीलंड आणि हर्स्ट यांनी केलेल्या गणिताने आमच्या संशयाला बळ मिळतं. त्यांनी संगणकावर दहा लाख काल्पनिक संकेत तयार केले आणि एका अक्षराच्या चुकीने किती नुकसान होतं हे तपासलं. आपल्या संकेताहून चांगला त्यांना एकच सापडला. एक अक्षर चुकलं तर बहुधा तेच किंवा तसंच आम्ल येतं, अशी मांडणी आहे. बहुधा म्हटलं, नेहमी नाही. विदर्भात, गडचिरोलीत, नंदुरबारच्या पाड्यांवर सिकलसेल म्हणजे काय हे कोणाला सांगावं लागत नाही. हिमोग्लोबिनच्या जनुकात जी ए जी च्या जागी जी टी जी, मधलं एक अक्षर. पाण्याची आवड असणाऱ्या ग्लुटामिक आम्लाच्या जागी तेलकट व्हॅलिन, आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. संकेत शहाणा असला तरी प्रत्येक चूक पोटात घालत नाही.

आता नैयायिकांचा दुसरा युक्तिवाद, लोकांलोकांत अर्थ वेगळे असण्याचा. हत्तीपासून आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूपर्यंत संकेत एकच, असं सगळे समजत होते. व्यवहार तर त्यावरच चालला. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात मानवी इन्सुलिनचं जनुक कोणाच्या शरीरातून काढलं नाही. इन्सुलिनची ५१ आम्लं माहीत होती, कोश माहीत होता. कोशातून त्रिकुटं निवडली, डीएनए जोडला, जिवाणूत घातला. जिवाणूने तो आपल्याच भाषेतला समजून वाचला. १९८२ पासून हे इन्सुलिन अमेरिकेत औषध म्हणून मिळू लागलं. तोवर मधुमेही डुकराच्या आणि गाईबैलांच्या स्वादुपिंडावर अवलंबून होते. पुण्यात तयार झालेली कोविडची एमआरएनए लसही, जिला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली, याच भरवशावर उभी आहे. प्रयोगशाळेत लिहिलेली चिठ्ठी आपली पेशी वाचते.

आणि तरी १९७९ मध्ये केंब्रिजमध्ये आपल्याच पेशीत बोलीभाषा सापडली. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा छोटा डीएनए असतो. बाहेर यू जी ए म्हणजे पूर्णविराम, मायटोकॉन्ड्रियात तेच ट्रिप्टोफॅन. एकाच घरात, ओसरीवर एक अर्थ आणि माजघरात दुसरा. पुढे काही बुरशी आणि एकपेशीय जीवांतही असे फरक सापडले. संबंध स्वभावाचा असता तर हे झालं नसतं.

न्यायाच्या परंपरेत पुढे एक बारीक फरक पडला. प्राचीन नैयायिकांच्या मते संकेत ईश्वराच्या इच्छेने ठरतो. नव्य नैयायिकांनी म्हटलं, माणसाच्या इच्छेनेही ठरू शकतो. २०१९ मध्ये केंब्रिजच्या ज्या प्रयोगशाळेत क्रिक आणि ब्रेनर यांनी काम केलं, तिथेच जेसन चिन यांच्या गटाने ई. कोलायचा चाळीस लाख अक्षरांचा सगळा जनुकसंच नव्याने लिहिला. सेरिनची दोन त्रिकुटं आणि एक पूर्णविराम अठरा हजारांहून अधिक ठिकाणांहून काढून त्यांच्या जागी समानार्थी त्रिकुटं घातली. जिवाणू जगला, वाढायला थोडा मंद. २०२१ मध्ये त्यांनी त्या मोकळ्या शब्दांचे दुभाषेही काढून टाकले. तेव्हा जिवाणू मारणारे विषाणू त्याच्यावर सोडले तर ते आत जाऊन हताश झाले. त्यांचा संदेश इथे कोणाला वाचताच येईना.

दोन वर्षांत हार्वर्डच्या एका गटाला असे विषाणू सापडले, जे या जिवाणूतही वाढत होते. ते आपले ट्रान्सफर आरएनए बरोबर घेऊनच आले होते. मग त्या गटाने मोकळ्या केलेल्या सेरिनच्या त्रिकुटांना ल्यूसिन असा वेगळाच अर्थ दिला, म्हणजे विषाणूचा संदेश वाचला तरी त्यातून भलतंच काही निघेल. तपासलेल्या विषाणूंपैकी एकही त्यापुढे टिकला नाही.